पंढरपूर आणि ‘मूळ’ नावाचा शब्द

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात यादवकाळातील एक शिलालेख आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो ‘चौऱ्यांशीचा लेख’ या नावाने ठाऊक असतो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला ज्यांनी दाने दिली त्यांची ती यादी. रामदेवराव यादव तीत आहे, आणि तो ‘पंढरीफडमुख्य’ या बिरुदासह आहे. त्याचा मंत्री हेमाद्री आहे. शिवाय इतिहासाने एरवी ज्यांची दखल घेतली नसती अशा माणसांची नावेही आहेत. ज्ञानेश्वरी सांगून व्हायची होती तेव्हा पंढरपुरात काय चालले होते, हे सांगणारा इतका बोलका दुसरा कागद आपल्याजवळ नाही. हा कागद दगडाचा आहे एवढेच.

पण देवळात येणाऱ्या माणसाच्या लेखी तो वाचायचा दगड नव्हे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या गेल्या आणि अक्षरे झिजत गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ऐकून प्रथम वाईट वाटते. श्रद्धेने पुरावा पुसला, असे तो म्हणतो, आणि त्यात खोटे काही नाही. मात्र पाठ घासणारी माणसे तेथे आलीच नसती तर तो दगड कुठल्या तरी वाड्याच्या पायात बसवला गेला असता, हेही तितकेच संभवनीय आहे. जुन्या देवळांच्या दगडांचे असे पुष्कळदा झालेले आहे. ज्या हातांनी लेख झिजवला त्यांनीच तो जपला. पंढरपूरच्या इतिहासातील प्रत्येक वादाकडे जाताना आम्हांला हा दगड आठवतो.

आम्ही संतसाहित्य शिकवतो. विठ्ठलाच्या उगमाविषयीचे संशोधन वर्गात सांगून झाले की एक प्रश्न हमखास येतो. मग मूळ विठ्ठल कोणता? प्रश्न निरागस असतो. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या क्षेत्राविषयी जे वाद झाले ते सारे याच एका शब्दाभोवती फिरत आले आहेत. मूळ दैवत कोणते, मूळ मूर्ती कोणती, मूळ देऊळ कोणाचे, मूळ अधिकार कोणाचा. या लेखात आम्ही विठ्ठलाचे मूळ सांगणार नाही. ‘मूळ’ हा शब्द या वादांत काय काय कामे करतो, एवढेच तपासणार आहोत. त्या शब्दाला निदान तीन अर्थ आहेत. जे काळाने सर्वांत आधीचे ते मूळ. जे अस्सल, खरे ते मूळ. आणि ज्याचा हक्क पहिला तो मूळ धनी. पहिला अर्थ काळाचा आहे, दुसरा मूल्याचा आणि तिसरा सत्तेचा. वाद पहिल्या अर्थाने सुरू होतो आणि कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच तिसऱ्या अर्थावर जाऊन पोहोचतो.

आधी काळाचा प्रश्न घेऊ, कारण तेथे पुरावा आहे. यादव भिल्लमाच्या काळातील, शके ११११ म्हणजे इ.स. ११८९ चा पंढरपूरचा लेख एका लहानशा देवळाविषयी बोलतो. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत, १२३७ मध्ये, होयसळ राजा सोमेश्वर याचा लेख आहे. त्यात संस्कृत आणि कन्नड या दोन भाषा आहेत, भीमरथीच्या काठावरील ‘पंडरगे’ हे स्थळ आहे, पुंडरीकाचे स्मरण आहे आणि विठ्ठलाला दिलेल्या गावाची नोंद आहे. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी वर सांगितलेली दात्यांची यादी. म्हणजे शंभर वर्षांच्या आत एका लहान देवळाचे असे क्षेत्र झाले की देवगिरीच्या राजाला स्वतःला त्याच्या फडाचा प्रमुख म्हणवून घेण्यात भूषण वाटावे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहासारख्या ग्रंथांमुळे असे लेख आज वर्गात बसून वाचता येतात. ते वाचताना एक गोष्ट जाणवते. दात्यांना आपण काय दिले हे सांगायचे असते. हा देव पहिल्यांदा कोणाचा होता, हे सांगण्याची गरज त्यांच्यापैकी कोणालाही भासलेली नाही.

नावांचे पाहिले तर गुंता वाढतो. ‘पंडरगे’ हे नाव कन्नड वळणाचे आहे. त्याचेच संस्कृतीकरण होऊन ‘पांडुरंग’ आणि मराठी वळणाने ‘पंढरपूर’ झाले असावे, असे अभ्यासक मानतात. पांडुरंग म्हणजे गौर अंगाचा. विठ्ठल तर सावळा! रा. गो. भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात पांडुरंग हे नाव शिवाकडे बोट दाखवते, हे लक्षात आणून दिले. आणि आजही चंद्रभागेच्या वाळवंटातील पुंडलिकाच्या देवळात शिवलिंग आहे. ‘विठ्ठल’ या शब्दाची व्युत्पत्ती भांडारकर ‘विष्णु’ या नावाच्या कानडी रूपावरून लावतात, तर राजवाडे ‘विष्ठल’ म्हणजे दूर रानातला देव, असे सांगतात. दोन्ही व्युत्पत्त्या एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. पण दोन्हींच्या मागे एकच जाणीव आहे: हा देव जेथे उभा आहे तेथला नसावा, कोठून तरी आलेला असावा.

ही जाणीव संशोधकांच्या आधी कवींना होती. ज्ञानदेवांच्या नावावरील प्रसिद्ध रचनेत विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटलेले आहे. वर्गात या शब्दाचे दोन अर्थ द्यावे लागतात. एक कर्नाटकाचा, दुसरा न कळणारा, अगम्य. कोणता अर्थ मूळ, असा प्रश्न येथेही येतो. भाषिक अस्मितेच्या भांडणात दोन्ही बाजूंना आपापला अर्थ हवा असतो. कवितेला मात्र दोन्ही लागतात. देव परभाषक आहे आणि म्हणून दुर्बोध आहे. तो दुर्बोध आहे आणि तरी आपला आहे. ही कविता मराठीत लिहिली गेली, आणि मराठीच्या सर्वांत लाडक्या देवाला तिने परका म्हणून हाक मारली. आमच्या मते पंढरपूरच्या इतिहासाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत निर्भय नोंद आहे.

विसाव्या शतकातील संशोधन या वाटेने पुढे गेले. ग. ह. खरे यांनी लेख, मूर्ती आणि माहात्म्यग्रंथ यांची चिकित्सा केली. जी. ए. दल्यरी यांचा विठोबासंप्रदायावरील ग्रंथ १९६० मध्ये आला. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यामागे हिंडून धनगरांच्या मौखिक परंपरा नोंदवल्या. आणि १९८४ मध्ये रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ प्रसिद्ध झाला. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, पट्टणकोडोलीला आजही जोडीने पुजल्या जाणाऱ्या विठ्ठल-बिरदेवाशी आणि तिरुपतीच्या व्यंकटेशाशी त्याचे नाते आहे, आणि पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, हा त्या ग्रंथाचा गाभा. या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला.

या ग्रंथाने पंडितांत चर्चा घडवली; पण लोकांत वादळ उठले ते निराळ्याच मुद्द्यावरून. स्कंदपुराणाशी जोडलेल्या पांडुरंगमाहात्म्यात विठ्ठलमूर्तीचे जे वर्णन आहे त्यात मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे कोरलेली आहेत. पंढरपूरच्या आजच्या मूर्तीवर ती नाहीत. सोलापूर जिल्ह्यातच माढे येथे विठ्ठलाचे देऊळ आहे आणि तेथील मूर्तीच्या छातीवर अक्षरे आहेत. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा पंढरपूरची मूर्ती माढ्यास नेऊन लपवली होती, अशी परंपराही आहे. हे दुवे जोडून ढेरे यांनी माढ्याची मूर्ती हीच आद्य मूर्ती, असे प्रतिपादन केले.

झाले! ‘मूळ’ शब्द पहिल्या अर्थाने उच्चारला गेला होता, तो ऐकला गेला दुसऱ्या अर्थाने. आद्य मूर्ती माढ्याला असेल तर पंढरपूरला उभी आहे ती कोण? आषाढीला पायी चालत येणारे लाखो लोक कोणाच्या पायांवर डोके ठेवतात? संशोधकाने काळाविषयी विधान केले आणि ऐकणाऱ्याला ते खरेखोटेपणाचे विधान वाटले. ऐकणाऱ्यालाच दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ‘मूळ’ हा शब्द मराठीत वापरला की अस्सलपणाचा वास त्याला येतोच; संशोधकाने कितीही काळजी घेतली तरी येतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा पेच परिचित असायला हवा, कारण पाठचिकित्सेत तो रोजचा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेदांनी ग्रंथ अशुद्ध झाला होता, म्हणून त्यांनी हे काम केले आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एक निराळी प्रत छापली आणि ती एकनाथांपूर्वीची, म्हणून मुळाच्या अधिक जवळची, असे सांगितले. तेव्हापासून वाद चालू आहे आणि तो चालू असणे चांगलेच आहे. पण सव्वातीनशे वर्षे ज्या प्रतीवर पारायणे झाली, ज्या प्रतीतून माणसे घडली, ती राजवाडे-प्रत सापडल्यामुळे खोटी ठरली काय? पाठचिकित्सक असे म्हणणार नाही. तो म्हणेल, एक प्रत काळाने आधीची, दुसरी परंपरेने सिद्ध. मला दोन्ही हव्यात. मूर्तीच्या बाबतीत हीच भाषा आपल्याला का सुचत नाही? पंढरपूरची मूर्ती वारंवार हलवावी लागली, लपवावी लागली. मराठी परंपरा तर सांगते की ती एकदा विजयनगरला गेली होती आणि एकनाथांचे पणजे भानुदास यांनी ती परत आणली; महीपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त ही कथा प्रेमाने सांगितली आहे. देव जातो, येतो, आणि त्याचे येणे हाच उत्सव होतो, असे मानणारी परंपरा ‘मूळ मूर्ती’च्या प्रश्नाने खरे तर इतकी हादरायला नको.

यापेक्षा अवघड प्रश्न पुढे आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंढरपूरचे देवालय मुळात बौद्ध होते, असे जाहीरपणे सांगितले आणि हे सप्रमाण सिद्ध करण्याचा मनोदय व्यक्त केला. १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हा विषय ग्रंथरूपाने त्यांच्या हातून पूर्ण झाला नाही. या विधानाला परंपरेतच धागे आहेत. संतांच्या रचनांत विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटल्याचे उल्लेख आढळतात, आणि महाराष्ट्रातील दशावतारांच्या चित्रशिल्पांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विठ्ठल उभा असल्याचीही उदाहरणे आहेत. जैन परंपरेतही विठ्ठल म्हणजे नेमिनाथ, असे सांगणारे आहेत.

बाबासाहेबांच्या या विधानाकडे केवळ पुरातत्त्वाच्या नजरेने पाहून ‘सिद्ध’ की ‘असिद्ध’ एवढेच ठरवणे आम्हांला अपुरे वाटते. दशावतारातील नववी जागा विठ्ठलाला मिळाली, हे पायाखाली विहार असल्याचे प्रमाण नव्हे. तो एका देवतेने दुसऱ्याचे नाव आणि मौन आपल्यात घेतल्याचा पुरावा आहे, आणि तेवढ्यापुरता तो भक्कम आहे. पण विधान कोणी केले, कोठे उभे राहून केले, हेही वाचावे लागते. १९५४ मध्ये बाबासाहेब पंढरपूरच्या देवळात प्रवेश मागत नव्हते. मंदिरप्रवेशाची वाट त्यांनी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर मागे टाकली होती. ज्यांना वर्तमानाने उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांना इतिहासात मागे जाऊन, ज्या घराने आम्हांला बाहेर ठेवले त्याच्या पायाचे दगड कोणाचे, हे विचारावे लागले. हा प्रश्न ज्या परिस्थितीने निर्माण केला तिच्याविषयी न बोलता प्रश्नाच्या पुराव्याविषयीच बोलत राहणे, ही आपल्या विद्वत्तेची जुनी सवय आहे.

आणि ती परिस्थिती पंढरपुरात दगडावरच लिहिलेली आहे. महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तिच्या समोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेले, ते साल १३३८ मानले जाते. त्यांची हाडे नामदेवांनी पंढरपुरास आणली आणि महाद्वारापुढे पुरली, असे परंपरा सांगते. हाडे कोणाची हे ओळखायचे कसे, तर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येते ती चोखोबांची. ही कथा आम्ही पुष्कळदा शिकवली आहे. शिकवताना प्रत्येक वेळी वर्ग गहिवरतो, आणि प्रत्येक वेळी आम्हांला वाटते की गहिवराने एक हिशेब चुकतो आहे. नामस्मरण हाडांत मुरलेल्या माणसाचीही हाडे उंबऱ्याच्या आत गेली नाहीत. ढेरे यांनी आपल्या ग्रंथाला ‘महासमन्वय’ हे नाव दिले. शैव, वैष्णव, बौद्ध, जैन, धनगर, कानडी, मराठी या साऱ्यांना या देवाने पोटात घेतले, हे त्या शब्दाने नेमके सांगितले. परंतु दैवतांचा समन्वय झाला म्हणून माणसांचा झाला असे होत नाही. देवाच्या मस्तकी शिवलिंग आले. देवाच्या पायांशी चोखोबा जाऊ शकले नाहीत. ‘समन्वय’ हा शब्द वापरताना आपण हे अंतर सांगितले पाहिजे. महाद्वारी उभे राहून ते पावलांनीही मोजता येते.

ते अंतर कसे तुटले, याचा इतिहास १९४७ चा आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे एवढी एकच मागणी होती. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर याच कामासाठी हिंडत होते. मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. या लढ्याकडे आम्ही एका विशिष्ट कारणासाठी लक्ष वेधू इच्छितो. गुरुजींनी उगमाचा वाद घातला नाही. देऊळ मुळात अमुकांचे होते, म्हणून त्यांना आत घ्या, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्याच्या नावाने तुम्ही अभंग म्हणता त्याच्या दारात तुम्ही माणसे अडवता, ही विसंगती त्यांनी समोर ठेवली. पंढरपूरच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत न्याय्य बदल घडून आला तो कोणाचे मूळ सिद्ध झाल्यामुळे नव्हे. मूळ कोणाचेही असो, आज अडवणे अन्याय आहे, हे पटल्यामुळे तो घडला. निदान इतक्या जणांना पटले की दार उघडावे लागले.

सर्वांना ते पटले नाही, याचीही एक कथा सांगितली जाते. दार उघडण्यापूर्वी काही सनातन्यांनी मूर्तीतील तेज काढून घागरीत ठेवले, म्हणजे अस्पृश्यांचे हात लागतील ते केवळ दगडाला. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. ‘मूळ’ शब्दाची शेवटची हालचाल तीत दिसते. जे आपल्या एकट्याचे राहिले नाही ते मूळ नव्हेच. मूळ आता आपल्या घागरीत आहे! माढ्याच्या मूर्तीवरून रागावलेल्या माणसाला आणि घागरीवर विश्वास ठेवणाऱ्याला आपण एका मापाने मोजू नये. पण मूर्तीहून निराळे, एखाद्याच्या ताब्यात राहू शकेल असे ‘खरेपण’ कोठेतरी असते, हे गृहीत दोघांनाही उपयोगी पडते. वारकरी मात्र घागरीकडे गेला नाही. तो मूर्तीकडेच येत राहिला.

तिसरा अर्थ सत्तेचा. बडवे आणि उत्पात या घराण्यांचे आणि इतर सेवाधाऱ्यांचे देवळातील हक्क वंशपरंपरागत होते, आणि त्यांचा आधार पुन्हा प्राचीनत्व हाच होता. आम्ही आधीपासून आहोत, म्हणून आमचा अधिकार. शासनाने नेमलेल्या नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला आणि हे वंशपरंपरागत हक्क रद्द करण्यात आले. त्याविरुद्धचा न्यायालयीन लढा चार दशके चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचे अपील फेटाळले. त्याच वर्षी मंदिर समितीने ब्राह्मणेतर आणि स्त्री पुजारी नेमल्याच्या बातम्या आल्या. हक्क किती जुना, याला आता महत्त्व उरले नाही. देवस्थान लोकांचे आहे आणि त्याचा कारभार लोकांना उत्तरदायी असावा, हे तत्त्व प्राचीनत्वावर मात करून गेले. समितीचा कारभार नेहमीच निर्दोष असतो असे यातून निघत नाही. ‘आम्ही आधीचे’ एवढे म्हटल्याने तो प्रश्न सुटत नाही, एवढेच निघते.

या साऱ्या इतिहासानंतर २०२४ साली ‘मूळ’ हा शब्द पुन्हा ऐकू आला. मंदिराच्या संवर्धनाचे काम चालू होते. गाभाऱ्यातील चांदीचे आवरण उतरवले गेले, नंतरच्या काळातील भर दूर केली गेली, खालचा दगड दिसू लागला. मंदिराला सातशे वर्षांपूर्वीचे मूळ रूप मिळणार, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. मे महिन्याच्या अखेरीस हनुमान दरवाज्याजवळ एक तळघर आढळले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. बातमी येताच सगळ्यांच्या मनात तोच निरागस प्रश्न उभा राहिला. आता कोणाचे मूळ निघते?

दगड स्वच्छ व्हावा, इमारत टिकावी, याविषयी दुमत नाही. तळघरातील मूर्तींचा अभ्यास व्हावा, यादवकालीन दगड आणि नंतरची डागडुजी यांतील फरक शास्त्राने सांगावा, अशीच आमची इच्छा आहे. काळाचा प्रश्न हा खरा प्रश्न आहे आणि त्याला पुराव्यानेच उत्तर दिले पाहिजे. भक्तीच्या नावाने तो टाळणे हा भक्तीचाच अपमान आहे. विठ्ठलाला कानडा म्हणण्याचे धैर्य ज्या परंपरेत होते तिला संशोधनाचे भय कशाला? मात्र मुळापर्यंत खरवडत जाताना कोठे थांबायचे, हे दगड सांगत नाही. सातशे वर्षे मागे गेले की यादवांचे देऊळ लागते. आणखी शंभर वर्षे मागे जाऊ लागले की ११८९ चे लहान देऊळ भेटते. त्याच्याही मागे धनगराचे दैवत असेल, शिवाचे स्थान असेल, आणखी काही असेल. आपण जेथे थांबतो तो थर आपल्याला हवा असतो म्हणून आपण तेथे थांबतो, आणि मग त्याला मूळ म्हणतो. संवर्धनाला कोठेतरी थांबावेच लागते. पण ती निवड होती, हे कबूल केले म्हणजे पुढच्या भांडणाची धार कमी होते.

वर्गातील प्रश्नाला आम्ही अलीकडे उत्तर देत नाही. विद्यार्थ्यांकडूनच एक काम करून घेतो. फळ्यावर तीन रकाने आखतो. आधीचा कोण, खरा कोण, धनी कोण. पंढरपूरविषयी वाचलेले प्रत्येक विधान योग्य रकान्यात घालायला सांगतो. अर्ध्या तासात मुलांच्या ध्यानात येते की पहिल्या रकान्यातील पुराव्याने तिसऱ्या रकान्यातील दावा सिद्ध होत नाही. देऊळ धनगरांचे होते हे उद्या निर्विवाद ठरले, किंवा बौद्धांचे होते असे ठरले, तरी आज तेथे कोणी कोणाला अडवावे, हे त्यावरून निघणार नाही. आणि ते कधीच कोणा दुसऱ्याचे नव्हते असे ठरले, तरीही निघणार नाही. भारतात आज जेथे जेथे देवस्थानांच्या पायाखालच्या इतिहासावरून भांडणे आहेत तेथे हे तीन रकाने आखून पाहावेत, असे आम्ही सुचवू. सगळी उत्तरे त्यातून मिळणार नाहीत. निदान कोणता प्रश्न इतिहासकाराला विचारायचा, कोणता न्यायालयाला आणि कोणता स्वतःला, हे तरी निराळे करता येईल.

चौऱ्यांशीच्या लेखाकडे परत जाऊ. त्या दगडावर ज्यांची नावे कोरली गेली ते काही देऊन गेले. त्याला पाठ घासून गेलेल्यांची नावे कोठेच नाहीत; त्यांनी केलेली झीज तेवढी आहे. उद्या कोणी त्या लेखाचे नव्याने वाचन करायला बसेल तेव्हा त्याला अक्षरे वाचावी लागतील आणि अक्षरे जेथे गेली आहेत ती जागाही वाचावी लागेल. त्या जागी पंढरपूरचा सात शतकांचा इतिहास आहे. तो यादवांच्या दानपत्राइतकाच अस्सल आहे.